या बेडपासून त्या बेडपर्यंत

काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरलेल्या आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या एका मध्यमवयीन रुग्णाला घेऊन मी रुग्णवाहिकेतून एका रुग्णालयाकडून दुसऱ्या रुग्णालयाकडे निघालो होतो. रस्ता दीड तासाचा होता. निघताना रक्तदाब स्थिर होता, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९३ टक्के होते, कागदपत्रे पाकिटात होती आणि नातेवाइकांशी सविस्तर बोलणेही झाले होते. चाळीस मिनिटे झाली असतील, तेव्हा समोर बसलेल्या सिस्टरांनी काही न बोलता सिलिंडरच्या गेजकडे बोट दाखवले. काटा लाल पट्टीला टेकायला आला होता. माझ्या हिशेबाप्रमाणे तो सिलिंडर पावणेदोन तास पुरायला हवा होता. दुसरा सिलिंडर पूर्ण भरलेला होता, पट्ट्याने नीट बांधलेला होता, हाताच्या अंतरावर होता. नव्हती ती फक्त तो उघडायची चावी. पहिला सिलिंडर आयसीयूतच उघडून जोडला होता आणि चावी तिथल्याच खिडकीच्या कट्ट्यावर राहिली होती.

मी ड्रायव्हरकाकांना गाडी बाजूला घ्यायला सांगितले. काय झाले हे विचारण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. सीटखालची अवजारांची पिशवी घेऊन ते मागच्या दाराशी आले आणि एक पाना पुढे केला. त्याला ग्रीस लागलेले होते. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाचा किंवा ग्रीसचा संबंध आला तर भडका उडू शकतो, म्हणून तो पाना कोरड्या गॉजने घासून स्वच्छ होईपर्यंत थांबणे भाग होते, आणि ते अर्धे मिनिट मला अजून आठवते. रेग्युलेटर एका सिलिंडरवरून काढून दुसऱ्यावर बसवेपर्यंत सिस्टर नुसत्या हवेवर अम्बू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याचा फुगा, दाबत होत्या आणि मॉनिटरवरचा आकडा ९३ वरून ८१ वर उतरला. मग झडप सुटल्याचा ओळखीचा फुसकारा ऐकू आला आणि आकडा सावकाश वर चढू लागला. सारा प्रकार चार मिनिटांत आटोपला. रुग्ण सुखरूप पोहोचला.

चूक माझी होती, कारण त्या गाडीत अखेरची जबाबदारी माझी होती. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक सिलिंडरच्या मानेला त्याची चावी साखळीने बांधलेली असते. पण त्या रात्रीने मला याहून मोठी गोष्ट दाखवली. तोपर्यंत मी रुग्ण हलवण्याचा धोका म्हणजे रस्ता, वाहतूक आणि अंतर असे समजत होतो. प्रत्यक्षात त्या रात्री रस्त्याने काहीच केले नव्हते. घात होता होता राहिला तो एका सिलिंडरवरून दुसऱ्या सिलिंडरवर जाताना. त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्यांकडे मी त्या नजरेने पाहू लागलो आणि बहुतेक प्रसंगांत तोच प्रकार दिसला. रुग्ण बेडवरून ट्रॉलीवर जातो, एका व्हेंटिलेटरवरून दुसऱ्यावर जातो, भिंतीतल्या ऑक्सिजनवरून सिलिंडरवर जातो, विजेवरून बॅटरीवर जातो आणि एका डॉक्टरच्या डोक्यातून दुसऱ्या डॉक्टरच्या डोक्यात जातो. या प्रत्येक ठिकाणी एक सांधा असतो, आणि गळती नेहमी सांध्यातच होते.

पहिला सांधा फोनवरचा असतो. रुग्णाला हलवायचे की नाही, हा निर्णय घेताना मी एकच प्रश्न विचारतो: तिथे त्याला असे काय मिळणार आहे, जे इथे मिळत नाही? मेंदूची शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, नवजात शिशूंचा विभाग अशी नेमकी उत्तरे असतील तर प्रवासाचा धोका पत्करण्याला अर्थ आहे. ‘मोठे रुग्णालय आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. कधी कधी रुग्ण इतका अस्थिर असतो की तो वाटेतच दगावण्याची शक्यता पोहोचण्याच्या शक्यतेहून अधिक असते. अशा वेळी तज्ज्ञांशी फोनवर बोलून आहे तिथेच उपचार करणे आणि काही तासांनी पुन्हा विचार करणे शहाणपणाचे ठरते, मात्र नातेवाइकांना हे पटवणे सोपे नसते, कारण गाडी निघाली की काहीतरी होत आहे असे वाटते आणि थांबले की काहीच होत नाही असे वाटते.

हा फोन डॉक्टरांनी डॉक्टरांनाच करायला हवा. ‘बेड आहे’ एवढे स्वागतकक्षातून कळले म्हणून निघालेल्या गाड्या मी दारात ताटकळलेल्या पाहिल्या आहेत; बेड होता, पण व्हेंटिलेटर नव्हता, किंवा व्हेंटिलेटर होता आणि रात्रपाळीला तो चालवणारे कोणी नव्हते. म्हणून स्वीकारणाऱ्या डॉक्टरांचे नाव, त्यांचा थेट फोन क्रमांक, कोणत्या दाराने आत यायचे, आयसीयू कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, एवढे सगळे मी निघण्यापूर्वी लिहून घेतो. लिफ्टचा प्रश्न काहींना हास्यास्पद वाटतो. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण घेऊन बंद लिफ्टसमोर एकदा उभे राहिले की तो हास्यास्पद वाटत नाही.

निघण्यापूर्वीची तयारी हा या कामाचा सगळ्यात मोठा भाग आहे आणि तिच्यामागचे तत्त्व सोपे आहे: गाडीत करावी लागण्याची शक्यता असलेली प्रत्येक गोष्ट आयसीयूतच करून घ्यावी. ज्या रुग्णाला श्वास घ्यायला कष्ट पडत आहेत, जो हळूहळू गुंगीत जात आहे, त्याच्या श्वासनलिकेत नळी घालायची की नाही यावर बेडपाशी वाद होऊ शकतो; पण ज्या रुग्णाबद्दल असा वाद होतो, त्याला नळी घालूनच न्यावे असे माझे मत आहे. हलत्या गाडीत, अपुऱ्या उजेडात, रुग्णाच्या डोक्यामागे उभे राहायला जागा नसताना नळी घालण्याची वेळ कोणावरही येऊ नये. नळी घातल्यावर ती ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे याची नोंद करायची. प्रौढ स्त्रियांमध्ये हा आकडा साधारण २१ आणि पुरुषांमध्ये २३ च्या आसपास असतो. छातीचा एक्स-रे पाहायचा आणि नळी चिकटपट्टीने व दोरीने दोन्हींनी पक्की करायची. मान वाकली की नळी आत सरकते आणि मान मागे गेली की बाहेर येते, म्हणून ट्रॉलीवर घेतल्यानंतर तो सेंटिमीटरचा आकडा पुन्हा वाचायचा.

फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल, तर छातीत नळी टाकूनच निघावे, कारण व्हेंटिलेटरच्या दाबाने ती हवा वाढत जाते आणि हृदयावर दाब आणते. आधीपासून अशी नळी असेल तर प्रवासात ती चिमटा लावून बंद करू नये. पाण्याची बाटली कलंडेल या भीतीने चिमटा लावणारे भेटतात. त्यांची भीती खरी आहे, पण उपाय घातक आहे. बाटली छातीच्या पातळीच्या खाली आणि सरळ राहील अशी बांधणे हाच उपाय. जठर नळीने रिकामे करणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, दोन चांगल्या जाड सुया शिरेत असणे, या गोष्टी कोणालाही सांगाव्या लागत नाहीत. मात्र एक गोष्ट वारंवार विसरली जाते: रुग्णवाहिकेत स्ट्रेचरची एक बाजू भिंतीला लागलेली असते. तुमची एकमेव चालती शीर त्या बाजूच्या हातात असेल, तर आणीबाणीच्या क्षणी औषध देण्यासाठी तुम्हाला रुग्णाच्या अंगावरून ओणवे व्हावे लागते. म्हणून कोणत्या गाडीतून जायचे हे ठरल्यावर, आपण कोणत्या बाजूला बसणार हे पाहून, औषध द्यायची जागा लांब नळीने त्या बाजूला आणून ठेवावी.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि इथे मला एक अपवाद ठळकपणे नोंदवायचा आहे. डोक्याच्या कवटीखाली रक्ताची गाठ वाढत असलेला रुग्ण, पोटातली महाधमनी फुटलेला रुग्ण किंवा हृदयविकाराचा मोठा झटका आलेला आणि अँजिओप्लास्टीची गरज असलेला रुग्ण यांच्यासाठी खरा उपचार दुसऱ्या टोकाला आहे. अशा हृदयविकाराच्या रुग्णाने पहिल्या रुग्णालयात शिरल्यापासून ३० मिनिटांच्या आत तिथून बाहेर पडावे, आणि पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून १२० मिनिटांच्या आत त्याची बंद रक्तवाहिनी उघडलेली असावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्याच्यासाठी रक्तदाब सतत मोजणारी नळी धमनीत टाकत बसणे किंवा सगळ्या तपासण्यांचे कागद येण्याची वाट पाहणे म्हणजे हृदयाचे स्नायू गमावणे होय. उलट जंतुसंसर्गामुळे रक्तदाब ढासळलेल्या रुग्णाला तासभर सलाईन, प्रतिजैविके आणि रक्तदाब वाढवणारे औषध देऊन, मग निघणे फार फायद्याचे असते. कोणत्या रुग्णाला कोणती घाई लागू पडते हे ओळखणे, हेच या कामातले खरे वैद्यकीय कौशल्य आहे असे मला वाटते. बाकीचे बरेचसे काम काळजीपूर्वक बांधाबांध करण्याचे आहे.

आता ऑक्सिजनच्या हिशेबाकडे येतो, कारण मी तिथेच चुकलो होतो. सिलिंडरमध्ये किती वायू आहे हे काढणे सोपे आहे: सिलिंडरचे पाण्याचे आकारमान लिटरमध्ये घ्यायचे आणि त्याला गेजवरच्या बारमधल्या दाबाने गुणायचे. दहा लिटर आकारमानाचा सिलिंडर १५० बार दाबाला भरलेला असेल तर त्यात १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. काटा १०० वर असेल तर १,०००. खर्चाची बाजू अवघड असते. माझा रुग्ण मिनिटाला आठ लिटर श्वास घेत होता आणि पूर्ण ऑक्सिजनवर होता, म्हणून मी व्हेंटिलेटरच्या स्वतःच्या वापराचा एक लिटर मिळवून नऊ लिटर धरले होते. पण कित्येक व्हेंटिलेटर रुग्णाचा श्वास चटकन ओळखता यावा म्हणून नळ्यांमधून सतत काही लिटरचा प्रवाह सोडत राहतात, आणि सांध्यांतून होणारी गळती वेगळी. त्या यंत्राचा प्रत्यक्ष वापर माझ्या आकड्याच्या दुपटीच्या आसपास होता. म्हणून आता मी कागदावरच्या हिशेबावर थांबत नाही. प्रवासात वापरायचा व्हेंटिलेटर प्रवासातल्याच सिलिंडरवर आयसीयूत दहा-पंधरा मिनिटे चालवतो, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब लिहितो आणि त्यावरून मिनिटाचा खर्च काढतो. प्रवासाला जेवढा वेळ लागेल असे वाटते, त्याच्या दुप्पट वेळेचा ऑक्सिजन बरोबर घेतो, कारण वाहतूक अडते, गाडी बंद पडते, आणि पोहोचल्यावरही दारापासून आयसीयूपर्यंत वेळ जातोच.

नाकातून जास्त प्रवाहाने ऑक्सिजन देण्याच्या यंत्रावरचे रुग्ण या हिशेबात फसवे असतात. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो, त्यामुळे तो व्हेंटिलेटरवरच्या रुग्णापेक्षा सोपा वाटतो. पण मिनिटाला ६० लिटरचा प्रवाह आणि त्यातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन असेल, तर तासाला ३,६०० लिटर लागतात. वर सांगितलेला भरलेला सिलिंडर अशा रुग्णाला २५ मिनिटे पुरतो. लांबच्या अंतरासाठी असा रुग्ण निघण्यापूर्वीच दुसऱ्या पद्धतीवर आणावा लागतो किंवा त्याचा प्रवास नव्याने विचारात घ्यावा लागतो.

व्हेंटिलेटर बदलण्याचा सांधा अधिक नाजूक आहे. फुप्फुसे फार खराब झालेल्या रुग्णांत श्वास सोडल्यानंतरही थोडा दाब आत राखलेला असतो, ज्याच्या जोरावर हवेच्या बारीक पिशव्या उघड्या राहतात. एका यंत्राची नळी काढून दुसऱ्याची जोडण्याच्या दोन-तीन सेकंदांत तो दाब निघून जातो, पिशव्या मिटतात आणि त्या पुन्हा उघडायला कित्येक मिनिटे लागू शकतात. यावर उपाय म्हणून, श्वास आत असताना नळीला क्षणभर चिमटा लावायचा, यंत्र बदलायचे, नवे यंत्र चालू झाले की चिमटा काढायचा. हे तिघांनी मिळून, मोठ्याने एकमेकांना सांगत करायचे काम आहे. छातीच्या नळीला चिमटा नको आणि श्वासाच्या नळीला मात्र हवा, हे नव्या डॉक्टरांना विचित्र वाटते. कारण समजावून सांगितले की ते कधी विसरत नाहीत.

बदललेल्या व्हेंटिलेटरवर रुग्ण पंधरा मिनिटे ठेवून, रक्तातील वायूंची तपासणी करून, मगच बाहेर पडावे. त्या पंधरा मिनिटांत जे बिनसणार असेल ते आयसीयूच्या चार भिंतींत बिनसते, जिथे मदतीला माणसे आहेत.

प्रवासात एकच मॉनिटर निवडायला सांगितले तर मी श्वासातील कार्बन डायऑक्साइडची रेघ दाखवणारा निवडेन. श्वासनलिकेतून नळी निसटली तर ती रेघ पुढच्या एक-दोन श्वासांतच सपाट होते. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा मात्र शरीरातील साठा संपेपर्यंत, म्हणजे कधी कधी मिनिट-दोन मिनिटे, सगळे ठीक असल्यासारखा उभा राहतो. गाडीच्या आवाजात स्टेथोस्कोपचा जवळजवळ काही उपयोग होत नाही. दंडावरच्या पट्ट्याने मोजलेला रक्तदाब खडबडीत रस्त्यावर भलतेच आकडे दाखवतो किंवा मोजणीच पुरी करत नाही, म्हणून रक्तदाब वाढवणाऱ्या औषधावर असलेल्या रुग्णाला, वेळ असेल तर, धमनीतील नळी टाकून नेलेले बरे. अलार्म ऐकू येत नाहीत. ते पाहावे लागतात. त्यामुळे मी बरोबरच्यांना सांगून ठेवतो की प्रत्येक वेळी एक जण तरी मॉनिटरकडे आणि छातीच्या हालचालीकडे पाहत असला पाहिजे, आणि त्या व्यक्तीने त्या काळात कागद भरायचे नाहीत.

सगळे यंत्र बिघडले तरी जी वस्तू चालत राहते, ती म्हणजे अम्बू बॅग. डेन्मार्कमधील हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी १९५६ मध्ये आणलेल्या या फुग्याला वीज लागत नाही आणि वायूचा दाबही लागत नाही. तो दाबून सोडला की आपोआप फुगतो. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण अचानक बिघडला तर पहिली कृती म्हणजे यंत्र सोडवून हाताने श्वास देणे. हाताला फुप्फुसांचा कडकपणा कळतो, आणि नळी निसटली आहे की चोंदली आहे, छातीत हवा साठली आहे की यंत्रच बिघडले आहे, याचा उलगडा होऊ लागतो. ती बॅग कपाटात नसावी, रुग्णाच्या उशाशी असावी. त्या रात्री ती उशाशी होती, एवढेच मी माझ्या बाजूने सांगू शकतो.

औषधांच्या पंपांचा सांधा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअॅड्रिनालिनचे रक्तातील प्रमाण दोन-तीन मिनिटांत निम्मे होते, म्हणजे सिरिंज संपली, बॅटरी बसली किंवा नळी दुमडली तर रक्तदाब लगेचच घसरतो. नवी सिरिंज दुसऱ्या पंपावर आधी चालू करायची आणि मग जुनी काढायची, ही आयसीयूतली पद्धत गाडीतही पाळायला हवी, आणि शक्य तर निघण्यापूर्वी नवी सिरिंज लावून प्रवासात बदलण्याची वेळच आणू नये. याहून चकवणारी गोष्ट उंचीची आहे. स्ट्रेचर गाडीत चढवताना कोणीतरी पंप हातात धरून उंच करतो आणि नळीतले थोडे औषध एकदम आत जाते. पंप खाली गेला की प्रवाह काही काळ थांबतो. एका फेरीत रक्तदाब नेमका दाराशी १८० वर गेला आणि आत बसेपर्यंत ७० वर आला, तेव्हा आम्ही रुग्णालाच दोष देत होतो. मग सिस्टरांनी दाखवले की वॉर्डबॉय मामांनी पंप आधी खांद्यावर धरला होता आणि नंतर जमिनीवर ठेवला होता. मामांना कोणी काही सांगितलेच नव्हते. आता पंप रुग्णाच्या हृदयाच्या पातळीला, स्ट्रेचरलाच अडकवलेले असतात.

रस्त्याबद्दल एवढेच म्हणेन की तिथे वेगापेक्षा सुरळीतपणा महत्त्वाचा आहे. रुग्णवाहिकेत रुग्णाचे डोके बहुधा पुढच्या बाजूला असते. जोरात ब्रेक लागला की शरीरातील रक्त डोक्याकडे सरकते आणि मेंदूवरचा दाब वाढतो. गाडी एकदम पुढे झेपावली की रक्त पायांकडे जाते आणि आधीच रक्त कमी असलेल्या रुग्णाचा रक्तदाब पडतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे मोठ्या अभ्यासांत दिसून आले आहे. अशा रुग्णाचे डोके ३० अंश उंच ठेवायचे, मान सरळ ठेवायची, रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४० मिमी पाऱ्याच्या दरम्यान राखायचा आणि ड्रायव्हरकाकांना सांगायचे की तुम्ही आज गाडी चालवत नसून या माणसाचा रक्तदाब चालवत आहात. हे वाक्य मी खरोखर म्हणतो, आणि ते लगेच समजतात. भोंग्याने आणि भरधाव वेगाने वाचणारा वेळ बहुतेक वेळा काही मिनिटांचाच असतो. अपघात झाला तर मात्र एका रुग्णाचे पाच रुग्ण होतात.

आत बसलेल्या प्रत्येकाने पट्टा लावावा आणि प्रत्येक वस्तू बांधलेली असावी. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एकाएकी थांबली तर आतला न बांधलेला मॉनिटर त्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि त्याच्या वाटेत रुग्णाचे डोके असते. रुग्णासाठी काही करावे लागणार असेल तर ते चालत्या गाडीत उभे राहून करू नये. गाडी सुरक्षित जागी थांबवावी. थांबल्याने दोन मिनिटे जातात, पण चालत्या गाडीत छातीवर दिलेला दाब धड पुरेसा नसतो आणि देणारा स्वतः पडण्याच्या बेतात असतो.

कोणी बरोबर जावे, या प्रश्नावर मी ठाम आहे. १९६६ साली बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञांनी मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, सुमारे ७० किलो वजनाचा डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेच्या झटक्याने हृदयाचे ठोके पूर्ववत करणारे यंत्र, रुग्णवाहिकेत बसवून डॉक्टर व परिचारिका यांना रुग्णापर्यंत पाठवायला सुरुवात केली. अतिदक्षता विभाग ही जागा नसून माणसे आणि साधने आहेत, आणि ती हलवता येतात, हे त्यातून दिसले. तरीही अजून, ज्याची ड्यूटी संपत आली आहे किंवा जो सगळ्यात नवा आहे, त्याला गाडीत बसवण्याची सवय अनेक ठिकाणी टिकून आहे, कारण अनुभवी माणूस विभागात हवा असतो. हा विचार उलटा आहे. विभागात हाक मारली तर चार माणसे धावतात. गाडीत हाक मारायला कोणी नसते. श्वासनलिका सांभाळू शकणारा एक आणि पंप-व्हेंटिलेटर हाताखालून गेलेला दुसरा, एवढे दोघे नसतील तर गाडी थांबवून ठेवावी.

नातेवाइकांशी बोलणे निघण्यापूर्वी, बसून, घाई न करता व्हायला हवे. वाटेत काय होऊ शकते, हृदय थांबले तर आम्ही काय करू, त्यांनी आमच्या गाडीमागे भरधाव येऊ नये, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. जवळची एक व्यक्ती पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली तर माझी हरकत नसते. लहान मुलाच्या आईला तर मी शक्यतो बरोबरच घेतो.

पोहोचल्यावर शेवटचा सांधा येतो, आणि तो सगळ्यांत दुर्लक्षित आहे, कारण तोपर्यंत आपण थकलेले असतो आणि समोरचे उत्सुक असतात. ट्रॉली आत शिरताच चार जण चार बाजूंनी नळ्या सोडवू लागतात. माझा आग्रह असतो की आधी एक मिनिट कोणी रुग्णाला हात लावू नये आणि सगळ्यांनी ऐकावे: हा कोण आहे, काय झाले, काय केले, वाटेत काय घडले, आत्ता कोणते औषध कोणत्या वेगाने चालू आहे. त्यानंतर व्हेंटिलेटर, त्यानंतर पंप, असे एकेक करून हलवायचे, आणि आमचा मॉनिटर त्यांचा लागल्यानंतरच काढायचा. वाटेत चूक झाली असेल तर तीही याच मिनिटात सांगायची. ऑक्सिजन ८१ वर गेला होता हे त्या रात्री मी सांगितले, तेव्हा समोरच्या डॉक्टरांनी फक्त किती वेळ, एवढेच विचारले आणि लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या विभागात फोन करतो. रुग्ण कसा आहे हे तर विचारतोच, पण त्याआधी दोन आकडे मागून घेतो: पोहोचल्यावर केलेल्या पहिल्या तपासणीतील रक्तवायूंचे प्रमाण आणि पोहोचल्यावरचे शरीराचे तापमान. पहिला आकडा व्हेंटिलेटरच्या सांध्याबद्दल सांगतो. दुसऱ्या आकड्यातून पांघरूण, दार किती वेळ उघडे राहिले आणि आपण किती घाईत होतो ते कळते; नवजात बाळ असेल तर तो ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये असायला हवा. गेल्या आठवड्यात नेलेल्या बाळाचा ३६.१ आला. गाडीतला हीटर चालू होता, बाळ इनक्युबेटरमध्ये होते. मग लक्षात आले की गाडीतून उतरवल्यावर लिफ्टची वाट पाहताना इनक्युबेटरची हात घालायची खिडकी उघडीच राहिली होती. आमच्या तपासून घ्यायच्या गोष्टींच्या यादीत ती ओळ मी त्याच दिवशी वाढवली.